गाडीला खरचटले तर

माणसाला खरचटले तर काय लावावे, हे वसमत तालुक्यात कुणाला शिकवावे लागत नाही. हळदीची बाजारपेठच दाराशी! पण गाडीला खरचटले तर काय लावावे, या प्रश्नावर मात्र आमच्याकडे जितकी माणसे तितकी मते. कुणी म्हणतो, काही लावू नका. कुणी म्हणतो, जळके ऑइल फासा. आमच्या स्टाफरूममधले एक गृहस्थ तर गाडी विकून टाकण्याचाच सल्ला देतात. त्यांना स्वतःला सायकलसुद्धा नाही, म्हणून हा सल्ला त्यांना परवडतो.

मला परवडत नाही. मी परभणीला मराठी शिकवतो आणि माझी आई हट्ट्याला राहते. वडील गेल्यावर तिला शहरात आणण्याचे सर्व प्रयत्न झाले. पण गावाचे नावच जिथे हट्टा, तिथल्या म्हातारीकडून दुसरी अपेक्षा काय करणार? तेव्हा दर शनिवारी मी, आमची मंडळी आणि दोन्ही मुले त्या गाडीत बसून निघतो. कधी रात्रीबेरात्री आईला दवाखान्यात न्यायची वेळ आली, तर तीच गाडी. त्यामुळे तिच्या पोटाखाली काय चालले आहे, हा आमच्या घरात चैनीचा विषय नाही.

आता आमच्या भागातले रस्ते. दरवेळी कंत्राटदाराच्या नावाने बोटे मोडली जातात, आणि ती मोडावीत. पण थोडा दोष जमिनीचाही आहे. आपली काळी कसदार जमीन पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून हात हात भेगा देते. कापसाला ती आई आहे; रस्त्याला ती सावत्र आई. वरचा डांबराचा थर बिचारा या फुगण्या-आक्रसण्यावर तरंगत असतो आणि मग लाटा उठतात. त्यात भर गतिरोधकांची. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमात गतिरोधक कसा असावा हे लिहून ठेवले आहे: उंची 10 सेंटिमीटर, रुंदी 3.7 मीटर, म्हणजे चढणे-उतरणे सावकाश व्हावे. प्रत्यक्षात गावोगावी जे उभे राहतात ते शेताच्या बांधाचे सख्खे भाऊ असतात. आमच्या गाडीचे पोट जमिनीपासून जेमतेम 16-17 सेंटिमीटर. पाच माणसे आणि हट्ट्याहून निघालेले ज्वारीचे पोते आत असले, की तेही राहत नाही. मग ‘खर्रर्र’ असा आवाज होतो आणि मागच्या सीटवरची दोघे एकदम गप्प होतात.

या आवाजाचा अर्थ लावण्यात आमच्या आईचा हात कुणी धरणार नाही. तिचे आयुष्य बैलगाडीत गेले. आखाला वंगण कमी पडले, की चाकाच्या कुरकुरीवरून ती ओळखायची. यंदा आषाढात मी गाडी अंगणात वळवली, तर ओट्यावरूनच म्हणाली, “का रे, खालून काहीतरी वाजायलंय बघ. उजवीकडून.” शहरातल्या एका नावाजलेल्या वर्कशॉपने आठच दिवसांपूर्वी “सर्व ठीक” असा शिक्का मारला होता. आईने मात्र शिक्का बघितला नाही, आवाज ऐकला.

परतताना मी गाडी थेट माझ्या जुन्या मिस्त्रींकडे नेली. हे मिस्त्री म्हणजे पन्नाशी उलटलेले, कमी बोलणारे गृहस्थ. त्यांनी गाडी जॅकवर उचलली, पण नुसत्या जॅकवर विसंबून ते कधीही खाली शिरत नाहीत. आधी दोन भक्कम घोडे लावतात. मग बॅटरी घेऊन आत गेले आणि मलाही बोलावले. चाकाला धरून ठेवणाऱ्या लोखंडी हाताला, ज्याला ते लोअर आर्म म्हणतात, वीतभर ओरखडा पडला होता. रंग उडून लोखंड उघडे पडले होते आणि त्यावर नारिंगी पूड धरली होती.

“ये चमडी है सर, हड्डी नहीं,” मिस्त्री म्हणाले. हात वाकला आहे का, कुठे चीर आहे का, जोडाजवळची रबरी टोपी फाटली आहे का, हे त्यांनी बोटाने चाचपून पाहिले. यातले काही असते, तर रंगरंगोटी न करता भागच बदलायचा, हा त्यांचा दंडक. तसे काही नव्हते.

पण त्यांची बॅटरी पुढे सरकली आणि स्प्रिंगच्या सगळ्यात खालच्या वेढ्यावर थांबली. तिथे चिखल साचून बसला होता. तो खरवडल्यावर लोखंडाला देवीच्या व्रणांसारखे खड्डे दिसले. गाडी आम्ही रत्नागिरीच्या एका गृहस्थांकडून सेकंडहँड घेतलेली. समुद्राची खारी हवा लोखंड लवकर खाते; त्या खाल्ल्या जागेवर आमच्या काळ्या मातीने ओला पोटीस बांधला. स्प्रिंग दिवसातून हजार वेळा दबते आणि सुटते. असा एखादा खड्डा असला, की तिथूनच बारीक चीर सुरू होते आणि एके दिवशी वेढा तुटतो. कुठे तुटेल? गतिरोधकावर तुटला तर नशीब. नाहीतर भरधाव असताना, दोन्ही पोरे मागे झोपलेली असताना.

मी विचारले, वेल्डिंग? मिस्त्रींनी माझ्याकडे असे पाहिले, की वर्गात कवितेचा अर्थ विचारल्यावर मुले माझ्याकडे पाहतात तसे! स्प्रिंगला आच दिली, की तिचे पाणी उतरते. मग ती स्प्रिंग उरत नाही. बदलायची, आणि डावी-उजवी जोडीनेच बदलायची, नाहीतर गाडी एका अंगाला झुकते. बदलली. चार पैसे गेले. मंडळींनी पाडव्याच्या पैठणीचा विषय त्या आठवड्यात काढला नाही, हे त्यांचे मोठेपण.

ओरखड्याचे काम मात्र स्वस्तात झाले, आणि ते बघण्यासारखे होते. आधी पाण्याने माती धुतली आणि पूर्ण वाळू दिली. मग तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने घासून लोखंड पांढरेशुभ्र केले. तेलकटपणा पुसून काढला. रबर आणि आटे चिकटपट्टीने झाकले, ब्रेकची तबकडीही झाकली. मग रेड ऑक्साइडचा हात, तो वाळल्यावर काळ्या रंगाचे दोन हात. गंमत अशी, की या तांबड्या अस्तराचा रंग लोखंडाच्या ऑक्साइडचाच, म्हणजे गंजाच्याच भाऊबंदाचा! पूर्वी या कामाला शेंदूर वापरत. मारुतीच्या अंगावरचा आणि पुलाच्या लोखंडावरचा शेंदूर एकच, शिशाचा. शिसे विषारी म्हणून तो मागे पडला.

मिस्त्री ‘जंग’ म्हणतात, मी ‘गंज’ म्हणतो. अक्षरांची नुसती अदलाबदल. पण मराठीच्या मास्तरला असे काही सापडले, की तो बिलाचा आकडा विसरतो. अ‍ॅल्युमिनियमवर जी पुटी धरते ती घट्ट बसून आतल्या धातूला सांभाळते. लोखंडाचा गंज तसा नाही. तो फुगतो, पोपडे सोडतो आणि ओल्या हवेला आत वाट करून देतो. म्हणून रंगाखाली फुगवटा दिसला, की वरून रंग फासून उपयोग नसतो.

जळक्या ऑइलचेही त्यांना विचारले. त्यांचे मत वाईट. ते रबरी बुश खराब करते, धूळ धरते आणि ब्रेकवर उडाले तर बघायलाच नको. वडील वखराची पास पावसाळा संपला की पुसून तेलाचा हात देऊन माळ्यावर ठेवत. पण वखराला रबर नव्हते आणि ब्रेकही नव्हते. त्यातला पहिला अर्धा भाग, माती पुसण्याचा, तेवढा आम्ही उचलला. आता हट्ट्याहून आलो, की रविवारी रात्री पाण्याच्या नळीने चाकांमागच्या खोबणी धुतो.

दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके असतात, हे त्याच दिवशी कळले. चिखलाने ती बुजली, की पाणी दारात साचते आणि पत्रा आतून कुजतो. बाहेरून रंग लख्ख. परवा दिवाळीची साफसफाई हट्ट्याच्या अंगणातच केली. धाकट्याने काडी घालून चारही दारांची भोके मोकळी केली, तर वाटीभर काळी माती निघाली. आई बघत होती.

“आपल्याच रानातली हाय ती,” ती म्हणाली, “नालीत नको फेकू.”