वर-खाली विस्तव

कुकरचे डबे कुणी निवडून घेत नाही. कुकर घेताना आपण लिटर बघतो, झाकण आतून बसतं की बाहेरून ते बघतो. डबे त्याच्या पोटातून आपोआप येतात आणि कुकर मोडीत गेला तरी घरात उरतात. आमच्या घरात असे दोन पिढ्यांचे डबे आहेत. आईचे अ‍ॅल्युमिनियमचे, काठाला पोचे आलेले. माझे स्टीलचे, त्यांतल्या एकावर लग्नाची तारीख घातलेली. वरण, भात, बटाटे, कुणी चीक आणून दिला तर खरवस, हे त्यांचं ठरलेलं काम. आज माझ्या ओव्हनमध्ये जे भाजलं जातं, त्यातलं बहुतेक याच डब्यांत भाजलं जातं. पैसे वाचतात हे खरंच, पण मी ते त्यासाठी करत नाही. या कामाला ही भांडी मुळातच चांगली आहेत.

भाजण्याची पहिली ओळख आजोळची, राजापूरकडची. पावसाळ्यात वेलावरची तवशी जून झाली की आजी तवसळी करायची. किसलेलं तवसं, भाजलेला तांदळाचा रवा, गूळ, ओलं खोबरं. जाड बुडाच्या पातेल्यात हळदीचं पान घालून त्यावर ते मिश्रण ओतायचं, पातेलं मंद चुलीवर ठेवायचं आणि झाकणावर करवंट्यांचे निखारे पसरायचे. ‘वर-खाली विस्तव हवा,’ एवढीच तिची कृती. पाठारे प्रभूंचं भानोळं असंच होतं. गोव्याची बिबिंक तर वरच्या निखाऱ्यांवर एकेक थर भाजत उभी राहते. ओव्हन नावाची पेटी घरात नव्हती, पण ओव्हन जे करतो ते सगळं या बायका पातेलं, झाकण आणि निखारे एवढ्यावर करत होत्या.

डोंबिवलीत आमच्या घरी गॅस होता, निखारे नव्हते. दिवाळीआधी रवा, मैदा, तूप, साखर घेऊन बेकरीत जायचं आणि नानकटाई भाजून आणायची, ही एक सोय होती. वाढदिवसाचा केक मात्र आई कुकरमध्ये करायची. तळाला वाळू, शिट्टी आणि रबर काढलेलं, आत तूप-मैदा लावलेला डबा. घरभर वास सुटायचा. केक फुलायचा छान, तळ खरपूस व्हायचा, पण वरची बाजू फिकी आणि किंचित ओलसर राहायची. आई तो ताटात उलटा काढायची आणि तळाचीच बाजू वर ठेवून कापायची. खालचा विस्तव होता, वरचा नव्हता. शिवाय केकमधून निघणारी वाफ झाकणाखाली कोंडून राहायची.

कुकरच्या डब्यांचं सगळं आयुष्य या वाफेतच गेलेलं असतं. एकावर एक डबे रचून वाफेवर पूर्ण जेवण शिजवायची कल्पना आपल्याकडे प्रेशर कुकरच्याही आधीची. कोलकात्याच्या इंदुमाधव मल्लिकांनी 1910 साली इक्मिक कुकर काढला, तो असाच होता. पुढे 1959 साली मुंबईत हॉकिन्स कंपनी सुरू झाली आणि प्रेशर कुकर घरोघरी पोचायला लागले. कुकरमध्ये 15 पौंड दाबाला आतलं तापमान 121 अंशांच्या आसपास जातं आणि तिथेच थांबतं. अन्न शिजायला तेवढं पुरतं, पण त्याला तांबूस रंग यायला पृष्ठभाग कोरडा व्हावा लागतो आणि तापमान 140च्या वर जावं लागतं. म्हणून कुकरमधला बटाटा कितीही वेळ ठेवला तरी पांढराच. तोच डबा 180 अंशांच्या कोरड्या हवेत गेला की त्यातलं सगळं रंग धरायला लागतं. डब्याला त्याचं काहीच वाटत नाही. अ‍ॅल्युमिनियम वितळतं 660 अंशांना.

माझ्या घरी ओटीजी आला तेव्हा त्याच्याबरोबर एक ट्रे आणि एक जाळी होती. दुकानात केकची, ब्रेडची, टार्टची अशी वेगवेगळी भांडी मांडलेली होती. ती बघत असताना मला आईचा डबा आठवला: सपाट बूड, उभ्या सरळ भिंती, पातळ पत्रा. केकच्या भांड्याकडून याहून वेगळं काय हवं असतं? अ‍ॅल्युमिनियम स्टीलपेक्षा सुमारे पंधरापट जास्त उष्णता वाहून नेतं. त्यामुळे भिंत सगळीकडून सारखी तापते आणि कडा करपेपर्यंत मधला भाग कच्चा राहत नाही. एकाच मापाचे दोन डबे असले की दोन सारखे केक निघतात, थर लावायला कापाकापी करावी लागत नाही. जुना डबा काळवंडलेला असतो, तेही फायद्याचंच. मळकट पृष्ठभाग कॉइलची आच शोषून घेतो, चकचकीत पृष्ठभाग ती परतवतो. ब्रेडला खरपूस बूड हवं तर काळवंडलेला डबा घ्यावा, नाजूक स्पंज हवा तर घासून चकचकीत केलेला.

मला सर्वांत जास्त आनंद मात्र उलट्या घातलेल्या डब्याने दिला. 2006 साली न्यूयॉर्कमधल्या जिम लेही या बेकरीवाल्याची न मळता करायच्या पावाची कृती ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये आली आणि जगभरच्या घरांत पोचली. त्याने तापलेल्या जाड, झाकणाच्या भांड्यात पाव भाजला. सैलसर पिठातलं पाणी वाफ होऊन आतच कोंडलं जातं, त्यामुळे वरचं कवच लगेच कडक होत नाही आणि पावाला फुलायला सवड मिळते. तसलं भांडं महाग आणि जड. मी बिडाचा तवा ओव्हनमध्ये चांगला तापवते, त्यावर गोळा ठेवते आणि वर मोठा डबा पालथा घालते. पहिली वीस मिनिटं डबा, मग उघडा पाव. छोट्या ओटीजीत वरची कॉइल अगदी डोक्याशी असते, तिच्यापासूनही डबा पावाला जपतो. ज्या कोंडलेल्या वाफेने आईच्या केकला रंग येऊ दिला नाही, तीच इथे योग्य वेळेपुरती कामाला येते. वाफ कधी धरायची आणि कधी सोडायची, एवढं कळलं की भांड्यांची अर्धी खरेदी टळते असं माझं मत आहे.

स्टीलच्या डब्यांना मी बरेच दिवस ओव्हनपासून दूर ठेवलं होतं, कारण स्टील सावकाश तापतं. पण काही पदार्थांना सावकाशीच हवी असते. चक्का आणि आटवलेलं दूध एकत्र करून भाजायचं, किंवा अंड्याचं कस्टर्ड करायचं, तर लहान डबा मोठ्या डब्यात ठेवून भोवती गरम पाणी ओतते. पाणी शंभराच्या वर जात नाही, स्टील घाई करत नाही आणि दही फुटत नाही. शिवाय दही, टोमॅटो, चिंच यांसाठी अ‍ॅल्युमिनियम वापरूच नये. आंबटाने ते झिजतं आणि पदार्थाला धातूची चव येते.

बाकीची हत्यारं थोडक्यात सांगते. पापड भाजायच्या जाळीवर पाव निववला की खाली वाफ साचून बूड ओलं होत नाही, मात्र प्लास्टिकच्या मुठीची जाळी ओव्हनमध्ये घालू नये. सांडशी लहान डब्यांना उत्तम. भरलेला मोठा डबा जाड कापडाने दोन्ही हातांनी धरावा.

ओव्हन घेतलेल्या मुली विचारतात, भांडी कुठली घेऊ? मी आधी त्यांच्या आईच्या ओट्याखालचं कपाट उघडायला सांगते. तिथे काही नसलं तर भांड्यांच्या बाजारात जावं, अ‍ॅल्युमिनियमचा डबा अजून वजनावर मिळतो. मात्र जाताना ओव्हनचं आतलं माप कागदावर लिहून न्यावं, उंचीसकट. आणि डबा भोवतीने दोन बोटं मोकळी राहतील एवढाच घ्यावा, म्हणजे गरम हवेला फिरायला जागा राहते.