विसाव्याचा पहारा



वारीत मुक्काम वेगळा आणि विसावा वेगळा. मुक्काम रात्रीचा; विसावा वाटेवरचा, घटकाभराचा. पालखी टेकते, आपण शिदोरी सोडतो, तळपाय चोळतो, आणि ‘चला’ म्हटले की उठतो. आमच्या यवतमाळकडच्या कापूस-तुरीच्या माणसाला याखेरीज दुसरी सुट्टी फारशी ठाऊक नाही. पेरणी, डवरणी, वेचणी. त्यातून उरले ते दिवस सप्ताहाचे आणि पंढरीचे. म्हणून फाल्गुनात मुलगा म्हणाला, ‘बाबा, चार दिवस समुद्रावर नुसते बसायला चला,’ तेव्हा ‘नुसते बसायला’ या शब्दांचेच नवल वाटले. पंचाहत्तरी आली, आवाज बसला, कीर्तन थांबले. नुसते बसणे मात्र शिकायचे राहिलेच होते.

धामणगावला रेल्वेत बसलो आणि पुण्याहून मुलाच्या गाडीने वेळासला पोचलो. रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यात, बाणकोटजवळचे हे लहानसे गाव. नाना फडणविसांचे मूळ गाव. गावकरीच पाहुण्यांना आपल्या घरी उतरवतात. वर कौले, मागे नारळी-सुपारीची वाडी. जेवायला कुळथाचे पिठले, भात, सोलकढी. पहाटे ओटीवर हरिपाठ म्हणावा आणि मग लाट ऐकत बसावे. कोणी ऐको न ऐको, तिचे चालूच असते. तिथे मला माझ्या बसलेल्या आवाजाची खंत प्रथमच हलकी वाटली.

कासवीचा दृष्टान्त तुम्ही कीर्तनात ऐकला असेल. तिला पान्हा नाही; ती पिलांकडे प्रेमाने पाहते आणि त्या दृष्टीवरच पिले वाढतात. संतांची कृपादृष्टी तशी. मी हा दृष्टान्त वणीपासून उमरखेडपर्यंत कितीतरी गावांत सांगितला. वेळासच्या किनाऱ्यावर येते ती ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवी. रात्री वाळूत खड्डा करते, शंभरेक अंडी घालते, वाळू लोटते आणि समुद्रात निघून जाते. दीड-दोन महिन्यांनी पिले बाहेर पडतात, तेव्हा आई जवळपास नसते.

मग त्यांच्याकडे पाहते कोण? पूर्वी लोक अंडी काढून नेत, कोल्ही-कुत्री उकरत. २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने इथे राखणीचे काम सुरू केले आणि गाव त्यात उतरले. माणसे किनारा धुंडाळतात, वाळूतल्या खुणेवरून घरटे शोधतात, अंडी अलगद काढून कुंपणातल्या वाळूत पुरतात. पिले निघाली की पाण्यापासून थोड्या अंतरावर वाळूत सोडतात. चालायचे मात्र पिलांनी स्वतः. एक पिलू लाटेने दोनदा मागे फेकले. दोरीमागून एक मूल कळवळून म्हणाले, ‘उचला ना त्याला!’ राखणदार हळूच म्हणाला, ‘जाईल बाळा.’ तिसऱ्या लाटेत ते गेले. त्या माणसाची नजर मी पाहिली, आणि इतकी वर्षे सांगितलेली कासवीची दृष्टी डोळ्यांपुढे उभी राहिली.

सप्ताहात वीणा खाली टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, म्हणूनच पहिला निर्धास्त झोपतो. कासवी निघून जाते आणि पहारा गाव घेते. मी ओटीवर बसलो तेव्हा गावाकडे शेजारी माझ्या गाईचे दूध काढत होता, आणि घरधनीण पहाटेच चुलीपाशी होती. आपला विसावा असा कोणाच्या तरी पहाऱ्यावर उभा असतो. माझे दृष्टान्तही आता तरुण कीर्तनकारांच्या गळ्यात आहेत. मी निर्धास्त ऐकावे.

माउली, तुमच्या घरात वर्षानुवर्षे पहाऱ्यावर उभे असलेले कोणी असेलच: आई असेल, सून असेल, शेत राखणारा भाऊ असेल. समुद्र दूर असला तरी चालेल. त्यांच्या गळ्यातली वीणा चार दिवस आपल्या गळ्यात घ्या आणि त्यांना म्हणा, ‘बसा, आता पहारा माझा.’