सुट्या भागांचा डबा

गेल्या दिवाळीपूर्वी घराची झाडलोट करीत असताना आमच्या अकरा वर्षांच्या चिरंजीवांच्या पलंगाखाली, वृत्तपत्रांच्या गठ्ठ्यामागे, एक मोटार सापडली. दूरनियंत्रणाने धावणारी ती लाल मोटार आम्ही त्याच्या वाढदिवसाला येथील, म्हणजे दिल्लीतील, एका दुकानातून तीन हजार रुपयांना आणली होती. तिचे पुढचे एक चाक निखळले होते आणि ते त्याने एका पिशवीत नीट बांधून शेजारीच ठेवले होते. विचारले तेव्हा तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "आई, दुसऱ्याच दिवशी मोडली. तू रागावशील म्हणून सांगितलं नाही."

ह्या गोष्टीला तेव्हा वीस दिवस होऊन गेले होते. ह्या वीस दिवसांत रोज संध्याकाळी "गाडी चालवून आलो" असे तो मला सांगत होता. वाचकहो, मोडलेल्या चाकापेक्षा मला ह्या वीस संध्याकाळींचे दुःख अधिक झाले, हे आपणांस वेगळे सांगावयास नको.

दुसऱ्या दिवशी ती मोटार घेऊन मी दुकानात गेले. दुकानदाराने ती हातातही घेतली नाही. "ह्याचे सुटे भाग येत नाहीत, बहेनजी. नवी घेऊन जा," एवढेच तो म्हणाला. परत येताना माझ्या मनात आले, की मुलाने तरी दुसरे काय केले? जी वस्तू मोडल्यावर दुरुस्तच होऊ शकत नाही, ती मोडल्याचे सांगून लाभ कोणता? तिच्या बाबतीत एक तर रागावून घ्यावयाचे, नाही तर ती लपवून ठेवावयाची. तिसरा मार्ग त्याच्यापुढे नव्हताच. तो मार्ग त्याला दाखविणे हे आपले काम आहे, असे ठरवूनच मी दुसऱ्या गाडीच्या शोधास लागले.

मी कला शाखेची पदवीधर. दिवसभर अनुवाद करावयाचा, दुसऱ्यांचे अनुवाद तपासावयाचे, हा माझा व्यवसाय. यंत्रांशी माझा संबंध मिक्सरच्या झाकणापलीकडे कधी गेला नव्हता. परंतु अपरिचित विषयाचा ग्रंथ हाती आला म्हणजे प्रथम त्याची शेवटची पाने, म्हणजे सूची, पाहावी अशी संपादकीय कामाची एक सवय असते. तिचा येथे अनपेक्षितपणे उपयोग झाला.

शहराबाहेरील एका मोकळ्या मैदानावर काही हौशी मंडळी रविवारी सकाळी अशा गाड्या पळवितात, असे कळल्यावरून आम्ही मायलेक तेथे गेलो. बग्गी म्हटले, की आपल्या डोळ्यांपुढे घोडागाडी उभी राहते. परंतु ह्या मंडळींची बग्गी म्हणजे रस्ता सोडून माती, वाळू आणि दगडांवरून धावणारी, उघड्या चाकांची, खऱ्या गाडीच्या एक-दशांश प्रमाणातील शर्यतीची गाडी. अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकणारी एक मुलगी आपली बग्गी उलटी करून तिचे चाक बसवीत होती. कोणती गाडी घ्यावी, असे मी तिला विचारले. तिने गाडीबद्दल काहीच न सांगता कप्प्याकप्प्यांचा एक डबा उघडून माझ्यापुढे ठेवला. शिवणकामाच्या डब्यात गुंड्या असाव्यात, तसे त्यात निरनिराळ्या आकारांचे स्क्रू, पिना, दांडे आणि दातेरी चक्रे होती. "आंटी, गाडी कुठलीही चांगलीच वाटते," ती म्हणाली. "तिचा हा डबा भरता येतो का, ते आधी बघा."

त्या सकाळी तिच्याकडून जे शिकले आणि नंतरच्या महिनाभरात स्वतः वाचून जे पारखून घेतले, ते येथे सांगते.

पहिली गोष्ट अशी, की खेळण्याची मोटार आणि छंदाची मोटार ह्या दोन भिन्न जाती आहेत. खेळण्याच्या मोटारीत संदेश घेणारा भाग, वेग नियंत्रित करणारा भाग आणि चाके वळविणारी यंत्रणा ही बहुधा एकाच विद्युत्‌पट्टीवर जखडलेली असतात. एक बिघडले, की सर्वच निकामी होते. छंदाच्या मोटारीत रिसीव्हर, वेगनियंत्रक, मोटर आणि चाके वळविणारा सर्व्हो हे चारही भाग वेगवेगळे असतात, आणि जो बिघडेल तेवढाच बदलता येतो. एकत्र कुटुंबात एकाचे दुखणे सगळ्यांचे होते; येथे मात्र प्रत्येकाने वेगळी चूल मांडलेली असते, आणि तेच हिताचे ठरते.

दुसरी गोष्ट साहित्याची. जो भाग कठीण तोच टिकाऊ, अशी आपली समजूत असते. वस्तुतः किंचित वाकून पूर्ववत होणारे नायलॉन कित्येकदा कडक प्लॅस्टिकपेक्षा अधिक मार सोसते. कित्येक नवशिके पहिल्याच महिन्यात प्लॅस्टिकचे भाग काढून चकचकीत ॲल्युमिनिअमचे बसवितात. असा भाग स्वतः कदाचित मोडत नाही; परंतु धक्का पुढच्या भागाकडे ढकलतो, आणि दहा रुपयांच्या ऐवजी शंभर रुपयांची वस्तू मोडते. कोणता भाग आधी मोडावा, हेही चांगल्या रचनाकाराने ठरविलेले असते.

तिसरी गोष्ट सूचीची. नामांकित कंपन्यांच्या गाडीबरोबर जी मार्गदर्शिका येते, तिच्यात प्रत्येक भागाचे चित्र व क्रमांक दिलेला असतो. ती पुष्कळदा गाडी घेण्यापूर्वीच वाचावयास मिळते. मी माझ्या सवयीप्रमाणे शेवटच्या पानापासून आरंभ केला. यादीतील दहा भाग निवडले आणि ते भारतात कोणाकडे मिळतात ह्याची चौकशी केली. ज्या गाडीचे दहापैकी तीनच भाग मिळाले, ती कितीही देखणी असली तरी यादीतून काढून टाकली.

ह्या कसोटीवर उतरून शेवटी आमच्या घरी आली ती जपानमधील तामिया कंपनीची 'हॉर्नेट'. ही गाडी प्रथम १९८४ मध्ये निघाली आणि २००४ मध्ये कंपनीने ती पुन्हा बाजारात आणली. त्याच १९८४ मध्ये अमेरिकेत 'टीम असोसिएटेड'ची 'आरसी-१०' निघाली आणि तिने शर्यतीच्या बग्ग्यांचे पुढचे वळण ठरविले. आजच्या शर्यतीत 'हॉर्नेट'चा निभाव लागणार नाही, हे मी प्रामाणिकपणे सांगते. तिचा मागचा आस अखंड आहे, त्यामुळे खडबडीत जमिनीवर तिची पाठ बेडकासारखी उसळते. परंतु तिचे गिअर बंद पेटीत सुरक्षित असतात, पुढे धक्का झेलणारा बंपर आहे, आणि मुख्य म्हणजे माझ्या जन्माआधी आखलेल्या ह्या गाडीचे भाग मला आज मिळाले. आपल्या मुलाला खरोखर शर्यतीतच उतरावयाचे असेल, तर माझा सल्ला निराळा आहे. ज्या मैदानावर तो जाणार, तेथे बहुसंख्य लोक जी गाडी वापरतात तीच घ्यावी. म्हणजे ऐन वेळी शेजाऱ्याच्या डब्यातून एखादी पिन उसनी मिळते.

ही गाडी जुळविलेली येत नाही. तिचे भाग पेटीतून येतात आणि ते आपण जोडावयाचे असतात. मोटर त्यात असते. रेडिओ, सर्व्हो, बॅटरी आणि चार्जर ही निराळी घ्यावी लागतात. हा खर्च आधी मोजला नाही, तर घरचे अंदाजपत्रक कोलमडते. जोडण्यासाठी आम्हांला पाच संध्याकाळी लागल्या. जपानी स्क्रूचा अधिक-चिन्हासारखा खाचा आपल्या नेहमीच्या पेचकसाशी तंतोतंत जुळत नाही; बळ लावले तर खाचा झिजून गुळगुळीत होतो. त्यासाठी जपानी मापाचा पेचकस आवर्जून घ्यावा. संचातील प्लॅस्टिकच्या बुशिंगांच्या जागी बॉल बेअरिंगे जोडणीच्या वेळीच बसवावीत. नंतर सगळे उकलावे लागते. आणि ज्या गाड्यांत मोटर मागे-पुढे सरकविता येते, त्यांत दोन दातेरी चक्रांमध्ये कागदाची पट्टी धरून ती जुळवावीत व मग पट्टी काढून घ्यावी. तेवढी फट राहिली, की दाते झिजत नाहीत.

डब्यात काय असावे? पुढच्या चाकांचे सांधे व त्यांना धरणारे बाहू, त्यांच्या पिना, चाकांचे नट, छत अडकविण्याच्या तारेच्या चापा, सर्व्होला धक्क्यापासून वाचविणारा लवचीक भाग आणि मूठभर स्क्रू. बहुतेक अपघात समोरून होतात, म्हणून पुढचे भाग आधी घ्यावेत. प्लॅस्टिकचा एकच तुकडा सुटा मिळत नाही. तो ज्या चौकटीत ओतलेला असतो ती सबंध चौकट घ्यावी लागते. ह्याचे वाईट वाटून घेऊ नये, कारण उरलेले तुकडे पुढच्या अपघातास उपयोगी पडतात. हे सर्व गाडीबरोबरच मागवावे. खेळण्यांवरील आयातशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले. आपण मागविलेल्या वस्तूस कोणता दर लागतो, हे विक्रेत्यास आधी विचारलेले बरे.

बॅटरीविषयी मात्र कठोर राहावे. लिथियम-पॉलिमर बॅटरी हलकी आणि जोरकस असते. परंतु ती फुगली, भोसकली गेली किंवा अयोग्य चार्जरवर लावली, तर पेट घेऊ शकते. लहान मुलासाठी सहा घटांची, ७.२ व्होल्टची निकेल-मेटल-हायड्राइड बॅटरी पुरेशी आहे. कोणतीही बॅटरी असो, घरात कोणी जागे व जवळ नसताना ती चार्जिंगला लावू नये. हा नियम आमच्या घरी भिंतीवर लिहून लावलेला आहे.

फेब्रुवारीतील एका संध्याकाळी मी मुद्रिते तपासीत बसले होते. दार उघडून चिरंजीव आत आले. एका हातात गाडी, दुसऱ्या हातात पुढच्या चाकाच्या सांध्याचे दोन तुकडे. "आई, मोडली," तो म्हणाला. "फूटपाथच्या कडेला आपटली. चूक माझीच. वळायला उशीर केला." आणि मी काही बोलण्याच्या आत त्याने मार्गदर्शिकेचे शेवटचे पान उघडून तो भाग मला बोटाने दाखविला. डबा आणला. चौकटीतून तुकडा कापून काढला, पिन सारली, नट आवळला. एकदा त्याने स्क्रू उलटा फिरविला तेव्हा माझा हात पुढे गेला होता; तो मी मागे घेतला. वीस मिनिटांत तो पुन्हा खाली गेला.

मोडलेले दोन तुकडे तो माझ्या मुद्रितांवरच ठेवून गेला होता. मी ते उचलून कचऱ्यात टाकावयास निघाले आणि थांबले. आज ते माझ्या कचेरीतील मेजावर टाचण्यांच्या वाटीत आहेत. लोक विचारतात, की हे काय आहे? मी सांगते, आमच्या मुलाने जे लपविले नाही, ते हे.

आपल्या घरीही मुलाला अशी गाडी घ्यावयाची असेल, तर जरूर घ्यावी. मात्र दुकानात शिरताना गाडीचा रंग नंतर पाहावा. तिचा डबा आपल्याला भरता येईल का, हे आधी विचारावे.