मी फटफटी शिकते

वस्तूच्या आवाजावरून तिचे नाव पाडण्याची मराठी माणसाला फार हौस. खुळखुळा, तुणतुणे, पिपाणी ही सारी त्यातलीच मंडळी. यंत्रयुग आले तेव्हा या हौसेला उधाण यायला हवे होते. पण मोटार, सायकल या आपापली नावे घेऊनच उतरल्या आणि आपणही ती निमूटपणे स्वीकारली. मोटारसायकलने मात्र मराठी नाव कमावले. ती फटफटत आली आणि फटफटी झाली. आजच्या मोटारसायकली फटफटत नाहीत; त्या गुणगुणतात, फार तर गुरगुरतात. त्यामुळे हा शब्द आता वडीलधाऱ्यांच्याच तोंडी उरला आहे. माझ्या आईच्या तोंडून तो निघतो तेव्हा त्याला नेहमी तक्रारीचा सूर असतो.

"शेचाळिसाव्या वर्षी फटफटी शिकणार म्हणतेस? आणि मग काय, फेटा बांधून मिरवणुकीत जाणार?"

आईचा रोख गुढीपाडव्याच्या शोभायात्रांवर होता. नऊवारी, नाकात नथ, डोक्याला फेटा, डोळ्यांवर काळा चष्मा आणि खाली बुलेट अशी छायाचित्रे दर पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत येतात. ती मलाही आवडतात. पण मला मिरवायचे नव्हते. खरे सांगायचे तर मला फटफटीची गरजही नव्हती. कॉलेज घरापासून साडेतीन किलोमीटर. माझी स्कूटर गेली बारा वर्षे बिनबोभाट मला तिथे नेते आणि परत आणते. स्कूटर ही गृहस्थाश्रमाची गाडी आहे. तिच्यावर खुर्चीत बसावे तसे बसायचे, पायांशी भाजीची पिशवी ठेवायची, सीटखालच्या पोटात पेपरांचे गठ्ठे कोंबायचे. मोटारसायकलवर पिशवीला जागा नाही. तिच्यावर बसत नाहीत, स्वार होतात.

हा फरक मला कळला तो माझ्या भाचीमुळे. नोकरीसाठी ती आमच्याकडे राहायला आली आणि येताना आपली मोटारसायकल घेऊन आली. सव्वाशे सीसीची, म्हणजे या जातीत गरीबच म्हणायची. तरी वजन एकशेपंधरा किलोच्या घरात. एका रविवारी ती गाडी पुसत होती आणि मी वाळत घातलेले कपडे काढायला खाली गेले होते. "मावशी, बसून तर बघ," ती म्हणाली. मी बसले. गाडी उभीच होती, इंजिनही बंद होते. पण दोन्ही गुडघ्यांमध्ये टाकी आली, दोन्ही पाय जमिनीला लागले आणि पाठ आपोआप ताठ झाली. कपडे त्या दिवशी बराच वेळ दोरीवरच राहिले.

शिकायचे ठरल्यावर पहिला शोध लागला तो माझ्याच परवान्यात. माझा परवाना 'विनागिअर'चा होता! वीस वर्षे बाळगलेल्या कागदावरचा हा शब्द मी कधी नीट वाचला नव्हता. गिअरच्या गाडीसाठी पुन्हा शिकाऊ परवाना काढावा लागतो. तो सहा महिने चालतो आणि मिळाल्यापासून तीस दिवस झाल्याशिवाय पक्क्या परवान्याची परीक्षा देता येत नाही. विद्यार्थ्यांना अभ्यासाला तीस दिवस मिळाले की त्यातले सत्तावीस कसे जातात ते मी जाणते. त्यामुळे दुसऱ्याच दिवशी पहाटे आम्ही मावशी-भाची जवळच्या मोकळ्या मैदानावर हजर झालो.

गिअर पाठ करणे सोपे होते. पहिला खाली, बाकीचे चार वर, आणि पहिल्या-दुसऱ्याच्या मध्ये अर्ध्या पावलाच्या अंतरावर न्यूट्रल दडलेला. कठीण होता तो क्लच. मी क्लच सोडला की गाडी एक उसळी घेई, खोकल्यासारखा आवाज करी आणि गप्प होई. आठ-दहा वेळा असे झाल्यावर भाची म्हणाली, "मावशी, क्लच सोडू नकोस. सोडत जा."

मी थक्क झाले. संयुक्त क्रियापदे शिकवण्यात माझी वीस वर्षे गेली. 'सोडणे' आणि 'सोडत जाणे' यांतला फरक मी फळ्यावर शेकडो वेळा लिहिला असेल. पण तो डाव्या हाताच्या चार बोटांना कधी समजावला नव्हता. क्लचच्या आत चकत्या असतात. काही इंजिनाबरोबर फिरतात, काही चाकाकडे जाणाऱ्या गिअरच्या दांड्याशी बांधलेल्या असतात. दांडी दाबली की त्या एकमेकींपासून सुटतात, सोडली की चिकटतात. फिरती चकती थांबलेल्या चकतीवर एकदम आपटली तर इंजिन बंद पडते. जरा घसरू दिली तर थांबलेलीही हळूहळू फिरू लागते. दांडीच्या प्रवासात मध्येच कुठेतरी एक जागा अशी येते की गाडी किंचित श्वास घेते आणि पुढे झुकते. ती जागा बोटांना एकदा सापडली की मग विसरत नाही. मला ती चौथ्या दिवशी सापडली आणि मी मैदानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पहिल्या गिअरमध्ये, चालत्या माणसाच्या वेगाने, विजयी मुद्रेने गेले. एक आजोबा फिरायला आले होते. ते माझ्या पुढे निघून गेले.

मला धीर आला तो मात्र इतिहासाने. जर्मनीत गॉटलिब डाइमलर आणि विल्हेल्म मायबाख यांनी १८८५ साली इंजिनावर चालणारी पहिली दुचाकी बनवली. तिचा सांगाडा लाकडाचा, इंजिन अर्ध्या अश्वशक्तीचे, वेग ताशी बारा किलोमीटरच्या आसपास. आणि लहान मुलांच्या सायकलला असतात तशी तिला दोन्ही बाजूंना दोन चिमुकली चाके होती! मोटारसायकलच्या जनकांनाही आधाराला चाके लागली, मग माझे पाय मैदानावर लोंबकळत राहिले त्यात नवल ते काय?

एक गोष्ट मात्र मी अखेरपर्यंत बुद्धीने मान्य केली नाही. वेग थोडा वाढला की वळण्याचा नियम उलटा होतो. भाची म्हणाली, "उजवीकडे जायचंय ना? मग उजवा हात पुढे ढकल." उजवा हात पुढे ढकलला तर चाक डावीकडे वळणार, हे शेंबडे पोरही सांगेल. पण होते असे की चाक क्षणभर डावीकडे जाते, त्यामुळे गाडी उजवीकडे कलते आणि कलली की उजवीकडे वळते. सायकलवरही आपण हेच करतो, फक्त आपल्याला ते ठाऊक नसते. अलंकार शिकवताना विरोधाभासाची तीच ती पुस्तकी उदाहरणे देऊन मी कंटाळले होते. या वर्षी वर्गात हे उदाहरण दिले. मागच्या बाकावरची चार मुले पहिल्यांदाच पुढे वाकून ऐकू लागली.

ब्रेकचेही तसेच. पुढचा ब्रेक दाबला की माणूस तोंडावर पडतो, ही आमच्या पिढीची सायकलवरची शिकवण. प्रत्यक्षात गाडी थांबताना भार पुढच्या चाकावर येतो आणि थांबवण्याचे बरेचसे काम तेच करते. मागचा ब्रेक एकटा करकचून दाबला तर चाक अडकून घसरते. म्हणून २०१९ पासून आपल्याकडच्या नव्या गाड्यांना, लहान असेल तर दोन्ही चाकांचे ब्रेक जोडणारी आणि मोठी असेल तर चाक अडकू न देणारी यंत्रणा सक्तीची झाली आहे.

परीक्षेत आठाचा आकडा काढून दाखवावा लागतो. पाय टेकला की नापास. हा आठ इंग्रजी आहे बरे का. दोन शून्ये एकावर एक ठेवल्यासारखा, जिथून निघालो तिथेच आणून सोडणारा. आपला मराठी '८' काढला असता तर मी थेट अधिकाऱ्यांच्या टेबलावर जाऊन पोहोचले असते. रांगेत माझ्या पुढे-मागे सगळी अठरा-वीसची मुले. त्यातला एक माझा विद्यार्थी निघाला आणि "मॅडम, तुम्ही?" म्हणून हेल्मेट काढून उभा राहिला. एकमेकांची परीक्षा बघण्याचा हा योग विरळाच. दोघेही उत्तीर्ण झालो.

येथवर सारे गमतीचे झाले. घरात मात्र एक माणूस या गमतीत नव्हता. आमच्या ह्यांनी विरोध केला नाही, चेष्टाही केली नाही. शिकाऊ परवाना आला त्या दिवशी त्यांनी बाजारात जाऊन चांगले आयएसआय छापाचे हेल्मेट आणून टेबलावर ठेवले आणि वर्तमानपत्र उघडले. पुण्यात हेल्मेट हा वादविवादमालेचा विषय आहे. आमच्या घरात त्यावर एक वाक्यही झाले नाही. मी मैदानावरून परत येई तेव्हा हे गॅलरीत उभे असत. मी वर पोहोचेपर्यंत आत गेलेले असत. परवाना मिळाल्यावर मी हौसेने म्हटले, "चला, डबलसीट चक्कर मारून येऊ." तर म्हणाले, "मला गुडघा दुखतोय."

त्या रात्री दिवा मालवल्यावर ते आपण होऊन बोलले. कॉलेजात असताना त्यांचा एक मित्र होता. दोघे मिळून त्याच्या मोटारसायकलवरून कोकणात उतरत. मी हे प्रथमच ऐकत होते. ह्यांना मोटारसायकल येते हेच मला ठाऊक नव्हते. १९९९ च्या पावसाळ्यात हे आजारी होते म्हणून मित्र एकटा गेला. घाटात समोरून ट्रक आला. "त्यानंतर मी हात लावला नाही," एवढेच म्हणाले. लग्नाला बावीस वर्षे झाली. त्या मित्राचे नाव मी त्या रात्री पहिल्यांदा ऐकले.

मी म्हटले, "मग मी नाही चालवत."

"तसं म्हणालो का मी?" हे जरा रागानेच म्हणाले आणि कुशीवर वळले.

मला झोप आली नाही. माझा आनंद त्या खोलीत एकदम फार महाग होऊन बसला होता. रस्त्यावर मरणाऱ्यांत आपल्या देशात सर्वांत मोठा वाटा दुचाकीवाल्यांचाच असतो, हे काही मला नवीन नव्हते. पण आकडा वेगळा आणि शेजारी जागा असलेला माणूस वेगळा. आनंद तरी काय होता तो? एकेक गिअर वर चढताना इंजिनाचा सूर खाली येतो आणि गाडी हलकी होते. चिंच कुठली, निलगिरी कुठली ते वासावरून कळते. झाडाच्या सावलीतून जाताना हवेतला गारवा गुडघ्याला लागतो. नजर जिथे जाते तिथे गाडी जाते. म्हणून भाचीने बजावले होते, खड्ड्याकडे बघशील तर खड्ड्यात जाशील. या सगळ्यात विद्यापीठाचे परिपत्रक, आईचे औषध, गॅसचा नंबर यांतले काहीही डोक्यात शिरू शकत नाही. वीस मिनिटे मी फक्त एक काम करते आणि तेच काम करते. बायकांच्या जन्मात असली वीस मिनिटे मोजकीच. इरावतीबाई कर्वे पुण्याच्या रस्त्यांवर स्कूटर चालवीत, त्याला कित्येक दशके झाली. त्यांनाही असेच वाटत असेल का, असे उगीचच मनात आले.

सकाळी हे म्हणाले, "रविवारी सासवडला जाऊ. तू तुझी गाडी घे. मी आपल्या गाडीतून मागे येतो."

दसरा नुकताच झाला होता. हडपसर, फुरसुंगी मागे टाकून वडकीपाशी दिवे घाट सुरू होतो. ज्ञानेश्वरमहाराजांची पालखी याच घाटाने सासवडला जाते आणि चढणीसाठी रथाला जादा बैलजोड्या जुंपतात. मी दुसऱ्या गिअरवर उतरले. खाली मस्तानी तलावाचे पाणी दिसू लागले. आरशात आमची पांढरी मोटार ठरावीक अंतर राखून येत होती. मी हळू झाले की ती हळू, मी वेग घेतला की ती वेग घेई. मागून हॉर्न नाही, दिवे नाहीत. एका वळणावर मी उजवा हात पुढे ढकलला, गाडी कलली, डोंगर तिरपा झाला आणि पुन्हा सरळ झाला. क्षणभर मी आरशात पाहायला विसरले होते.

घाटमाथ्यावर थांबले. हे मोटारीतून उतरले, माझ्या गाडीभोवती एक फेरी मारली, चेन बोटाने दाबून पाहिली.

"सैल आहे जरा. घट्ट करून घे," म्हणाले. आणि मग, "वळणावर खांदे आखडतेस. सैल सोड."

"बसता का मागे? सासवडपर्यंत?"

"आणि मोटार काय इथे ठेवू?"

हे खरे होते. सासवडच्या बाजारात पुरंदरची सीताफळे आली होती. डोळे उघडलेली, उद्या-परवा पिकतील अशी दोन डझन घेतली. माझ्या गाडीवर पिशवीला जागा नव्हती, तेव्हा ती ह्यांच्या शेजारच्या सीटवर बसून घरी आली. चेन मी सोमवारी घट्ट करून घेतली. मंगळवारी सकाळी गाडीची किल्ली खुंटीवर नव्हती. मी गॅलरीत गेले. खाली मोकळ्या जागेत हे गाडीवर बसून क्लचची दांडी दाबत होते आणि सोडत होते. इंजिन बंद होते. मी आत आले आणि चहा टाकला.