अज्ञातवासातील वीर

गेल्या वर्षी मे महिन्यात मी बेंगळुरूला माझ्या थोरल्या भावाकडे गेले होते. दादा मल्लेश्वरममध्ये राहतो. या भागातील रस्त्यांची नावे मोठी सुरेख आहेत. एक संपिगे रस्ता, म्हणजे चाफ्याचा. दुसरा मार्गोसा रस्ता, म्हणजे कडुनिंबाचा. जवळच काडू मल्लेश्वराचे प्राचीन देऊळ आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांचे नाव या देवळाशी जोडले जाते. त्यामुळे तेथे गेले की परमुलखात आल्यासारखे वाटत नाही.

दादाने तेथील एका कारखान्यात पस्तीस वर्षे नोकरी केली. यंत्राच्या नुसत्या आवाजावरून कोठे बिघाड आहे हे तो ओळखत असे. निवृत्तीनंतर मात्र तो अबोल झाला. सकाळी फिरणे, दुपारी वर्तमानपत्र आणि संध्याकाळी खिडकीत बसणे, एवढाच त्याचा दिनक्रम. "आता माझे काय काम राहिले?" हे वाक्य तो दिवसातून एकदा तरी उच्चारी.

एके दिवशी दुपारपासून पाऊस लागला. दादाच्या नऊ वर्षांच्या नातवाने दूरदर्शन संचावर एक चित्रपट लावला आणि मला हाक मारली, "आत्याआजी, तूपण बस ना!"

मी परीक्षणासाठी आणलेले कागद चाळत होते. मी म्हटले, "अरे, ही तुम्हां मुलांची कार्टूने. आम्हां म्हाताऱ्यांना त्यात काय कळणार?"

तो म्हणाला, "यातला हीरो पण म्हातारा होतो. त्याचं पोट सुटतं!"

हे उत्तर मला अनपेक्षित होते. मी कागद बाजूला ठेवले.

तो चित्रपट होता 'द इन्क्रेडिबल्स'. अमेरिकेतील पिक्सार या संस्थेने 2004 साली तो तयार केला. ब्रॅड बर्ड हे त्याचे लेखक आणि दिग्दर्शक. आपल्याकडे तो 'हम हैं लाजवाब' या नावाने हिंदीतही आला. त्यात नायकाला शाहरुख खान यांनी, तर नायकाच्या मुलाला त्यांचा मुलगा आर्यन याने आवाज दिला होता. 2005 साली या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट सचेतनपटाचा ऑस्कर पुरस्कार मिळाला. संगणकाच्या साहाय्याने माणसाची त्वचा, केस आणि कपडे जिवंत वाटतील असे दाखवणे त्या काळी फार अवघड होते. पिक्सारचे आधीचे चित्रपट खेळणी, कीटक, मासे अशांचे होते. या चित्रपटात मात्र सगळी पात्रे माणसेच आहेत. पण मला भावली ती ही करामत नव्हे. मला भावली ती त्यातील माणसे.

चित्रपटाचा नायक बॉब हा अचाट शक्तीचा वीर आहे. तो धावती आगगाडी थोपवतो, उंच इमारतीवरून उडी घेणाऱ्याला वाचवतो. पण लोक कृतज्ञ राहण्याऐवजी त्याच्यावर खटले भरतात. अखेर सरकार सर्व वीरांना सांगते, की पराक्रम पुरे. आता नाव बदलून चारचौघांसारखे जगा. पंधरा वर्षे लोटतात. बॉब एका विमा कंपनीत कारकून झालेला असतो. अंगाने सुटलेला हा माणूस इवल्याशा गाडीत कसाबसा मावतो आणि अरुंद खोलीत बसून अर्ज तपासतो.

मला एकदम विराटाच्या राजवाड्यातील भीम आठवला. अज्ञातवासात तो बल्लव नावाने मुदपाकखान्यात राबत होता. गदेऐवजी हाती पळी आली होती. भर सभेत कीचकाने द्रौपदीला लाथ मारली, तेव्हा भीमाचे रक्त उसळले. पण ओळख उघड होऊ नये म्हणून युधिष्ठिराने त्याला खुणेने आवरले. अंगी बळ असताना स्वस्थ बसावे लागणे, ही शिक्षा किती कठोर असते!

या चित्रपटातही तसाच एक प्रसंग आहे. वरिष्ठ अधिकारी बॉबला समोर उभे करून खडसावत असतो. तेवढ्यात खिडकीबाहेर एक चोर एका पादचाऱ्याला मारहाण करून लुबाडताना बॉबला दिसतो. तो दाराकडे वळतो. अधिकारी बजावतो, की बाहेर पाऊल टाकलेस तर नोकरी गेली म्हणून समज. बॉब थांबतो. चोर पळून जातो. मग बॉबच्या संतापाचा स्फोट होतो. तो अधिकाऱ्याला भिंतीवर फेकतो आणि नोकरी गमावतो. चित्रपट त्याच्या या रागाचे कौतुक करीत नाही, हे मला विशेष आवडले.

मी दादाकडे पाहिले. तो खिडकी सोडून केव्हाच आमच्या शेजारी येऊन बसला होता.

लहान मुले हा चित्रपट धावपळीसाठी आणि मारामारीसाठी पाहतात. त्यात काही गैर नाही. पण त्यातील प्रत्येकाच्या शक्तीचा अर्थ उमगण्यासाठी थोडे आयुष्य जगलेले असावे लागते. घराचा भार वाहणाऱ्या बापाच्या अंगी ताकद आहे. आई हवी तेवढी ताणली जाते. वयात येणारी लाजरी मुलगी अदृश्य होऊ शकते. मुलगा एका जागी ठरत नाही. तान्हे बाळ पुढे काय होईल, हे कोणालाच ठाऊक नाही. हे तर आपल्या घरोघरीचे चित्र आहे!

मुलांना घेऊन निघालेले विमान फुटते, तेव्हा ती आई स्वतःचे अंग ताणून हवाई छत्री बनते आणि समुद्रात पडल्यावर मुलांसाठी होडी होते. नेमक्या याच वेळी वहिनी कॉफीचे पेले घेऊन बाहेर आल्या. क्षणभर पाहून त्या म्हणाल्या, "यात नवल ते काय? आम्ही रोज हेच करतो." आम्ही सगळेच हसलो, पण दादा हसता हसता थांबला.

एक शंका वाचकांच्या मनात येईल. हलत्या चित्रांच्या या गोष्टींत मोठ्या माणसांनी रमावे काय? आपली परंपरा या प्रश्नाचे उत्तर केव्हाच देऊन बसली आहे. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे चित्रकथी रंगीत चित्रे दाखवून रामायण-महाभारतातील कथा सांगत आले आहेत. कर्नाटकात चामड्याच्या बाहुल्यांचा तोगलु गोंबेयाट हा खेळ आहे. त्यांच्यापुढे सारा गाव बसे. दादासाहेब फाळके यांनी 'आगकाड्यांची मौज' या लघुपटात काड्यापेटीतील काड्या पडद्यावर नाचवल्या. 1974 साली आलेला 'एक अनेक और एकता' हा चिमुकला सचेतनपट दूरदर्शनवर आपल्यापैकी अनेकांनी कुटुंबासह पाहिला असेल. चित्रातली गोष्ट म्हणजे मुलांची गोष्ट, हा समज आपणच अलीकडे करून घेतला आहे.

चित्रपट संपला. नातू झोपायला गेला. दादाला त्यातील शेवटची मारामारी फार लांबल्यासारखी वाटली. मलाही तसेच वाटले. मग थोडा वेळ तो गप्प राहिला आणि म्हणाला, "ती विम्याच्या कचेरीतली म्हातारी आठवते का गं तुला?"

आठवत होती. एक वृद्ध स्त्री बॉबकडे येते. तिचा दावा कंपनीने फेटाळलेला असतो. पगारी नोकर म्हणून बॉबला नकार द्यावाच लागतो. पण तो आवाज खाली आणून तिला सांगतो, की अमुक अर्ज भरा, तमुक माणसाला भेटा. बाहेर कोणाला संशय येऊ नये म्हणून तो तिला रडल्याचे सोंग करायलाही सांगतो.

दादा म्हणाला, "तिला वाट दाखवायला त्याला ताकद कुठे लागली?"

या साध्या प्रश्नाने मी अस्वस्थ झाले. सुमारे वीस वर्षांपूर्वी मी मुक्त विद्यालयाच्या एका अभ्यासकेंद्रावर प्रवेशाच्या कामात मदत करीत असे. शेवटच्या दिवशी, कचेरी बंद होण्याच्या सुमारास एक बाई आल्या. वय चाळिशीच्या पुढे. दहावीची परीक्षा द्यावी अशी त्यांची इच्छा होती. शुल्काचे पैसे त्यांनी रुमालात बांधून आणले होते. शाळा सोडल्याचा दाखला मात्र पुरात वाहून गेला होता. मी म्हटले, "दाखल्याशिवाय अर्ज घेता येत नाही." त्या "बरं" म्हणाल्या, रुमालाची गाठ पुन्हा बांधली आणि निघून गेल्या.

मी नियम मोडला नाही. मी खोटेही बोलले नाही. पण जुन्या शाळेत अर्ज केला, तर तेथील जनरल रजिस्टरवरून दाखल्याची दुसरी प्रत मिळू शकते, हे मला ठाऊक होते. यंदा नाही तर पुढच्या सत्रात प्रवेश मिळेल, हेही ठाऊक होते. ही दोन वाक्ये सांगायला मला एक मिनिट लागले असते. मला घरी जायची घाई होती. त्या बाई पुन्हा कधी केंद्रावर दिसल्या नाहीत.

चित्रपटातील खलनायकही मुळात असाच दारातून परत पाठवलेला एक मुलगा आहे. लहानपणी तो बॉबचा भक्त असतो. बॉब त्याला झिडकारतो. तो अपमान तो आयुष्यभर उराशी बाळगतो. माझ्या दारातून परत गेलेल्या त्या बाईंनी मनात राग धरला असेल, असे मला वाटत नाही. त्यांनी शिक्षणाचा नाद सोडला असेल, हे अधिक संभवते. आणि तेच मला अधिक बोचते.

त्या रात्री मी हे सारे दादाला सांगितले. त्याने माझी समजूत घातली नाही. तो एवढेच म्हणाला, "केंद्र अजून चालू आहे ना? मग जात जा तिथे."

आता प्रवेशाचे दिवस आले, की मी त्या केंद्रावर जाऊन बसते. कोणता कागद नसेल तर तो कोठे मिळेल, अर्ज कोणाच्या नावे लिहावा, हे सांगणे एवढेच माझे काम. अर्जाचे काही नमुनेही मी लिहून ठेवले आहेत. दाराशी कोणी चाळिशीच्या पुढची बाई दिसली, की मी जागेवरून उठते. त्या बाई आता साठी ओलांडून गेल्या असतील, हे मला कळते, तरीही उठते.

दादाचा परवा दूरध्वनी आला होता. शेजारच्या शिंपीकाकांचे शिवणयंत्र अडले होते. दादाने ते उघडून दुरुस्त केले. मागून यंत्राचा आवाज येत होता. "ऐक," तो म्हणाला, "आता कसं नीट चालतंय!"

स्वाध्याय

1. बॉबची नोकरी आणि भीमाचा अज्ञातवास यांत लेखिकेला कोणते साम्य दिसते?
2. 'मी नियम मोडला नाही. मी खोटेही बोलले नाही.' असे असूनही लेखिकेला खंत का वाटते?
3. एखाद्या कचेरीत तुम्हांला कोणी योग्य वाट दाखवली असेल किंवा परत पाठवले असेल, तर तो अनुभव दहा ओळींत लिहा.