पूर्वरंग

गेल्या वर्षीं जून महिन्यांत माझा नातू आमच्या शहापूरच्या घरीं राहावयास आला. त्याच्या आईवडिलांना नोकरीनिमित्त परदेशीं जावें लागलें. तेथें बिऱ्हाडाची व शाळेची सोय लागेपर्यंत मुलानें वर्षभर आमच्याकडे राहावें असें ठरलें. घर आमचें एकत्र. धाकट्या बंधूंचें कुटुंब, सुना, मुलेंबाळें मिळून अकरा माणसांची पंगत बसते. परंतु हा तेरा वर्षांचा मुलगा त्या पंगतींत पाहुण्यासारखा खालीं मान घालून जेवी आणि मुकाट्यानें उठून जाई.

मी जन्मभर शिक्षकाचा पेशा केलेला माणूस. तो आला त्याच्या दुसऱ्याच दिवशीं मीं त्याला वेळापत्रक आंखून दिलें. पहांटे भारंगी नदीपर्यंत फेरफटका, मग दहा श्लोकांचें पाठांतर, सायंकाळीं इंग्रजी वाचन. शिवाय प्रश्नांची सरबत्ती होतीच: करमतें का, मित्र झाले का, आईची आठवण येते का? त्यानें सांगितलें तें सर्व केलें. बोलला मात्र नाहीं.

त्याचा सोबती एकच. मामानें दिलेलें, दोन तळहातांत मावणारें एक जपानी खेळयंत्र. एके सायंकाळीं वाचनाची वेळ टळून गेली म्हणून मी रागानेंच त्याच्या खोलींत गेलों, आणि कसें कोण जाणे, शेजारीं बसून पाहूं लागलों. पडद्यावर एका कोळ्याचा मुलगा आपल्या गांवांत हिंडत होता. कधीं शेजाऱ्यापाशीं थांबे, कधीं कोणाच्या घरांत डोकावे. अर्धा तास गेला तरी निराळें कांहींच घडेना.

"अरे, लढाई केव्हां सुरू होणार?" मीं विचारलें.

"इतक्यांत नाहीं, आजोबा. आधीं बराच वेळ कांहीं होतच नाहीं."

"मग हा वेळ फुकट कशाला दवडतोस?"

"गांव कळायला नको का?" एवढेंच बोलून तो पुन्हां खेळूं लागला.

दुसऱ्याची भूमिका घेऊन खेळावयाच्या ह्या व्हिडिओ गेमचें नांव 'ड्रॅगन क्वेस्ट'. त्याचा हा सातवा भाग. तो जपानांत 2000 सालीं निघाला तेव्हां पहिली लढाई येण्यास तास-दोन तास सहज लागत, आणि पुष्कळ खेळणारे तेथपर्यंत कंटाळून जात. 2013 सालीं खेळ नव्यानें रचला तेव्हां कर्त्यांनीं ही सुरुवात बरीच आंखूड केली. नातवाच्या हातीं होती ती ही आंखूड आवृत्ति! ही माहिती त्यानें मला पुढें हळूहळू पुरविली.

त्या रात्रीं मला झोंप लागेना. "गांव कळायला नको का?" हें वाक्य मनांतून जाईना, आणि साठ वर्षांपूर्वींचा बोहाडा आठवला.

बोहाडा म्हणजे आमच्या डोंगरपट्टींतील आदिवासींचा सोंगांचा उत्सव. जव्हार-मोखाड्याकडे त्याचें प्रस्थ मोठें. तो भाग 2014 पासून पालघर जिल्ह्यांत गेला. शहापूर तालुक्यांतील एका पाड्यावर वडील मला बोहाडा पाहावयास घेऊन गेले तेव्हां मी आठ वर्षांचा होतों. आरंभीं गणपतीचें सोंग येतें. मग संबळाच्या तालावर एकामागून एक मुखवटे येतात, संथपणें नाचतात आणि जातात. महिषासुराचें युद्ध शेवटीं शेवटीं. मीं वडिलांना दहादां विचारलें, "महिषासुर केव्हां येणार?" आणि मग झोंपलों. वडिलांनीं युद्धाच्या वेळीं मला जागें केलें. डोळे चोळीत पाहिलें तों दोन मुखवटे एकमेकांवर धांवत होते, एवढेंच. मला कांहींच वाटलें नाहीं.

पुढल्या वर्षीं मात्र गणपतीपासून जागा राहिलों. वडील म्हणाले, "मुखवट्याकडे पाहूं नकोस, पायांकडे पाहा." पाहतां पाहतां पाय ओळखूं येऊं लागले. हा आमच्याकडे लाकडें आणणारा, हा बाजारांत आंबे विकणारा. पहांटे महिषासुर आला तेव्हां माझ्या घशाला कोरड पडली होती. युद्ध गेल्या वर्षींचेंच; मी मात्र ह्या वेळीं रात्रभर त्याच्या वाटेवर बसलों होतों.

म्हणून प्रत्येक रेंगाळणारा आरंभ चांगलाच, असें नव्हे. श्रोते जमेपर्यंत पूर्वरंग लांबविणारा कीर्तनकार वाचकांनीं पाहिला असेलच. त्याच्या आख्यानाला त्या लांबणीनें कांहीं लाभत नाहीं. ह्याच मालिकेंतील 1986 चा पहिला खेळ नातवानें मला समजावून दिला. नायक राजापुढें उभा असतो. दालनाचें दार कुलूपबंद आणि किल्ली तेथल्याच पेटींत. बोलावें, शोधावें, दार उघडावें, जिना उतरावा. चार मिनिटांत सारा खेळ हातीं येतो, व्याख्यान म्हणून कोणी देत नाहीं. मंद आरंभ असो कीं शीघ्र, पाहणाऱ्याला त्यांत कांहीं करावयास, ओळखावयास मिळालें पाहिजे. मीं नातवापुढें नुसतें व्याख्यान ठेविलें होतें. पूर्वरंग टाळून पहिल्याच दिवशीं मला आख्यान हवें होतें!

दुसऱ्या दिवशीं मीं वेळापत्रक भिंतीवरून काढलें. सायंकाळीं त्याच्या शेजारीं नुसता बसूं लागलों. विचारीत कांहींच नसें. दिवाळीच्या सुमारास एकदां त्यानें यंत्र बाजूला ठेवलें. नायकाचा जिवलग मित्र, राजपुत्र कीफर, दूरच्या काळांत कायमचा मागें राहिला होता. आतां तो परत येणार नव्हता. "गांवांत आम्ही दोघे किती हिंडलों होतों, आजोबा," तो म्हणाला. थोड्या वेळानें, मीं न विचारतां, तो आईविषयीं बोलूं लागला. रात्रीं पंगतीला दोघांनाही उशीर झाला. कोणी रागावलें नाहीं.

ह्या मे महिन्यांत तो आईवडिलांकडे गेला. जातांना श्लोक एकही पाठ नव्हता. भारंगीच्या वाटेवरील प्रत्येक घर मात्र तो नांवानें ओळखत होता. मी अजून पहांटे त्या वाटेनें जातों. लोक विचारतात, "नातू केव्हां येणार?" मी सांगतों, "इतक्यांत नाहीं."