साडेचार तास की दहा?

मुलांनो, गेल्या जानेवारीत माझ्या चौथीच्या वर्गातली एक मुलगी मध्यरात्रीपर्यंत फोनजवळ रडत बसली होती. आणि चूक होती माझी!

तिची मावशी विमानाने लंडनला निघाली होती. तिकिटावर छापलं होतं : मुंबईहून सुटणार दुपारी २.००, लंडनला पोचणार संध्याकाळी ६.३०. तिने मला विचारलं, "बाई, किती तास लागतील?" मी घाईत होते. "साडेचार तास. साडेसहाला पोचेल तुझी मावशी," असं सांगून मोकळी झाले.

साडेसहा झाले, आठ झाले, दहा वाजले. फोन नाही! पोरीचा जीव टांगणीला लागला. शेवटी रात्री साडेबाराला फोन खणाणला, "सुखरूप पोचले गं!"

मग विमानाला उशीर झाला होता का? मुळीच नाही. ते अगदी वेळेवर पोचलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात पृथ्वीचा गोल आणला आणि मुंबई ते लंडन दोरी ताणून धरली. तुम्हीही धरून पाहा. दोरी कराचीजवळून इराणवर जाते. पुढे कॉकेशस पर्वत, काळा समुद्र, युक्रेन, जर्मनी आणि मग लंडन. अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर! पण विमान दोरीवरूनच जातं असं नाही, बरं का. फेब्रुवारी २०२२ मध्ये युद्ध पेटल्यापासून प्रवासी विमानं युक्रेनवरून जात नाहीत, वळसा घेतात. शिवाय जाताना वारा समोरून येतो. म्हणून साधारण दहा तास लागतात. येताना तोच वारा मागून ढकलतो आणि तासभर वाचतो.

मग तिकिटावर साडेचार तास कसे? गंमत घड्याळाची आहे. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. आपली प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची, लंडनची शून्य अंशाची. ८२.५ भागिले १५ म्हणजे साडेपाच तास. मावशी उतरली तेव्हा आपल्याकडे रात्रीचे बारा वाजले होते, तिथे संध्याकाळचे साडेसहा! तिकिटावर ज्या गावची वेळ त्या गावच्या घड्याळाची असते, हेच मी विसरले होते. (उन्हाळ्यात इंग्लंडची घड्याळं तासभर पुढे करतात. तेव्हा फरक साडेचार तासांचा.)

८ जून १९४८ रोजी 'मलबार प्रिन्सेस' हे एअर इंडियाचं विमान मुंबईहून पहिल्यांदा लंडनला निघालं, तेव्हा वाटेत कैरो आणि जिनिव्हाला थांबावं लागलं होतं. आता एका दमात जाता येतं. पण घरी वाट पाहणाऱ्याला मिनिट न् मिनिट मोठं वाटतं, तेव्हाही आणि आताही.

फेब्रुवारीत मावशी परतणार होती. लंडनहून सकाळी १० ला निघणार, प्रवास नऊ तासांचा. मी पाटीवर आकडे मांडतेय तोवर ती मुलगी म्हणाली, "बाई, रात्री साडेबारा. आणि तारीख दुसऱ्या दिवसाची!"

बरोबर आहे का तिचं? तुम्हीच ताडून पाहा. आणि तुमच्या घरचं कुणी दूरदेशी निघालं, तर हे गणित आधी करा. जीव टांगणीला लागणार नाही.